लहान लॅपटॉप : घ्यावा कीं न घ्यावा ?

इ. स. २०१५ च्या एप्रिल महिन्यांत ॲपल कंपनीचा ‘मॅकबुक’ या साध्या नांवाचा एक नवा लॅपटॉप अमेरिकेच्या बाजारांत आला. त्याचें वजन अवघें ९२० ग्रॅम होतें, आणि मिटलेल्या स्थितींत त्याची जाडी कोठेंहि १४ मिलिमीटरांच्या वर जात नव्हती. पडदा १२ इंचांचा असून त्यावरील अक्षर छापील पुस्तकासारखें रेखीव दिसे. दुकानांतील मेजावरून तो एका हातानें उचलणाऱ्या माणसास पहिल्या क्षणीं मोह पडे व दुसऱ्या क्षणीं शंका येई. लॅपटॉपच्या एका अंगास एकच पोर्ट होता, दुसऱ्या अंगास हेडफोनसाठीं एक छिद्र होतें, आणि याखेरीज कांहीं नव्हतें. चार्जर, पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर या सर्वांनीं त्या एकाच दारानें पाळीपाळीनें आंत यावयाचें, आणि तेंहि बहुधा निराळा अडॅप्टर विकत घेऊन. किंमत मात्र १,२९९ डॉलर. तेवढ्याच पैशांत त्याच कंपनीचा १३ इंची ‘मॅकबुक प्रो’ मिळत होता. त्याचें वजन दीड किलोहून थोडें अधिक होतें. परंतु तो वेगानें सरस होता, आणि त्याला पोर्टांची वाण नव्हती.

मग हा लहान लॅपटॉप घ्यावा कीं न घ्यावा ?

हा प्रश्न त्या वर्षीं पुष्कळांना पडला. पण तो त्या वर्षीं जन्मलेला नव्हता. सोबत नेतां येईल असा संगणक सामान्य माणसाला विकावयास निघाला त्या दिवसापासून, म्हणजे १९८१ पासून, गिऱ्हाईक याच पेचांत सांपडलेलें आहे. मेजावरच्या मोठ्या संगणकाची खरेदी तुलनेनें सोपी असते. तेथें पैसे वाढविले कीं शक्ति वाढते. लहान यंत्राच्या बाबतींत हें त्रैराशिक चुकतें. तें तयार करणाऱ्यानें आधींच कशाला तरी रजा दिलेली असते : कधीं पडद्याच्या रुंदीला, कधीं बॅटरीला, कधीं वेगाला, तर कधीं बोटांच्या सोयीला. काय वगळावयाचें हें कारखान्यांत ठरतें. तें वगळलेलें आपल्या घरांत चालेल किंवा नाहीं, हें मात्र गिऱ्हाइकासच ठरवावें लागतें. या वगळण्याचा इतिहास पाहिला म्हणजे २०१५ मधील त्या गिऱ्हाइकानें काय करावयास हवें होतें, हेंहि बरेंच स्पष्ट होतें.

कल्पना प्रथम कागदावर अवतरली. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीचें संशोधनकेंद्र होतें. तेथील ॲलन के या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं एक निबंध लिहिला. मुलांनीं व मोठ्यांनींहि वहीसारखा वापरावा अशा संगणकाचें त्यांत वर्णन होतें, आणि त्याला के यानें ‘डायनाबुक’ असें नांव दिलें होतें. आकार वहीएवढा, वजन चार पौंडांहून म्हणजे सुमारें १,८०० ग्रॅमांहून कमी, आणि किंमत ५०० डॉलरांच्या आसपास, अशी त्याची अपेक्षा होती. त्या काळीं हें निव्वळ स्वप्न होतें. तसा सपाट पडदा नव्हता, आणि तेवढ्या जागेंत मावेल अशी मेमरीहि नव्हती. केंद्रांतील मंडळींनीं १९७३ मध्यें ‘आल्टो’ नांवाचा जो संगणक बनविला, त्याची पेटी मेजाखालीं ठेवावी लागे. तरीहि त्या निबंधानें एक गोष्ट कायमची ठरवून टाकली. यंत्र किती लहान असावें याचें माप के यानें विद्युत्‌शास्त्रांतून घेतलें नाहीं. मनुष्य वही कशी धरतो आणि किती वजन कुरकुर न करतां वाहतो, यावरून त्यानें तें घेतलें.

बाजारांत गाजलेलें पहिलें यंत्र मात्र वहीसारखें मुळींच नव्हतें. एप्रिल १९८१ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकांच्या मेळ्यांत ॲडम ऑस्बोर्न यानें आपला ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक मांडला. या गृहस्थाचा भारताशीं जुना ऋणानुबंध होता. त्याचा जन्म १९३९ मध्यें बँकॉक येथें झाला. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे इंग्रज भक्त व चरित्रकार. त्यामुळें ॲडमचें बालपण तिरुवण्णामलै येथें महर्षींच्या आश्रमाच्या सान्निध्यांत गेलें. पुढें इंग्लंडांत व अमेरिकेंत शिकून त्यानें संगणकविषयक पुस्तकें लिहिण्याचा व छापण्याचा व्यवसाय केला आणि त्यांतून तो यंत्राकडे वळला. अखेरच्या काळांत तो पुनः दक्षिण भारतांत आला व २००३ मध्यें कोडाईकनाल येथें वारला.

त्याचा संगणक शिवणयंत्राच्या पेटीएवढा असून त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें. विमानांतील आसनाखालीं तो मावावा, एवढाच त्याच्या लहानपणाचा अर्थ. त्याचा पडदा ५ इंचांचा. त्यावर एका ओळींत ५२ अक्षरें दिसत, आणि ओळीचा उरलेला भाग वाचावयाचा तर दृश्य बाजूस सरकवावें लागे. आंत बॅटरी नव्हती. भिंतींतील विजेशिवाय तो चालत नसे. इतकें सोडूनहि लोकांनीं तो घेतला, कारण १,७९५ डॉलरांत यंत्राबरोबर लेखनाचें, हिशेबाचें व इतरहि सॉफ्टवेअर मिळे. तें सॉफ्टवेअर वेगळें घेतलें असतें, तर त्यालाच जवळजवळ यंत्राच्या किंमतीइतके पैसे पडले असते. भरभराटीच्या दिवसांत महिन्यास १०,००० पर्यंत संगणक विकले गेले. ऑस्बोर्ननें जें वगळलें त्याचा त्रास होता. पण त्यानें जें दिलें त्यानें वकिलाचें, हिशेबनिसाचें अथवा लेखकाचें दिवसाचें काम पुरें होत होतें.

पुढें जें घडलें, तें प्रत्येक गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९८२ मध्यें ‘केप्रो’ नांवाचें यंत्र अगदीं त्याच किंमतीला आलें. त्याचा पडदा ९ इंचांचा होता आणि त्यावर संपूर्ण ८० अक्षरांची ओळ मावे. १९८३ च्या आरंभीं कॉम्पॅकचें यंत्र आलें. तें महाग होतें, पण आयबीएमच्या संगणकाचें सॉफ्टवेअर त्यावर चालत असे. त्याच सुमारास ऑस्बोर्न कंपनीनें आपल्याच नव्या व सुधारलेल्या यंत्राचा डांगोरा पिटला. नवें येणार म्हटल्यावर जुनें कोण घेणार ? दुकानदारांनीं मागण्या थांबविल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. या पतनांत प्रतिस्पर्ध्यांचा वांटा किती व घाईच्या घोषणेचा किती, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. परंतु पुढच्या यंत्राच्या आशेनें आजची खरेदी थांबण्याला तेव्हांपासून ‘ऑस्बोर्न परिणाम’ हेंच नांव पडलें. लहान यंत्राच्या गिऱ्हाइकाला हा रोग विशेष जडतो, कारण आज जें वगळलें आहे तें उद्यां येईल, अशी आशा त्याला सतत खुणावीत असते.

याच काळांत आलेल्या दोन यंत्रांनीं वगळण्याच्या दोन परस्परविरुद्ध तऱ्हा दाखविल्या. पहिलें १९८२ चें ‘ग्रिड कंपास’. जॉन एलन्बी याच्या कंपनीसाठीं बिल मॉग्रिज या ब्रिटिश रचनाकारानें त्याचा घाट ठरविला. पडदा कळफलकावर मिटावा, ही पुढें सर्वत्र रूढ झालेली रचना या यंत्रांत ठसठशीतपणें दिसली. मॅग्नेशियमचें कवच, सुमारें ५ किलो वजन, नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा. येथें मजबुतीला कात्री लागली नव्हती. कात्री लागली ती गिऱ्हाइकांच्या संख्येला. किंमत ८,१५० डॉलर होती. अमेरिकन लष्करानें तें घेतलें, नासानें तें अंतराळयानांतून नेलें. घरगुती माणूस मात्र त्याच्या वाटेस गेला नाहीं.

दुसरें १९८३ चें ‘टीआरएस-८० मॉडेल १००’. जपानच्या क्योसेरा कंपनीनें तें बनविलें आणि अमेरिकेंत रेडिओ शॅकच्या दुकानांतून तें विकलें गेलें. त्याच्या पडद्यावर फक्त ८ ओळी मावत व ओळींत ४० अक्षरें; फ्लॉपी आंत नव्हतीच. परंतु कळफलक पूर्ण आकाराचा होता, वजन दीड किलोच्या आंत होतें, आणि पेन्सिलएवढ्या जाडीच्या चार साध्या सेलांवर तें सुमारें २० तास चाले. टेलिफोनच्या तारेवरून मजकूर पाठविण्याची सोय त्यांतच होती. वार्ताहरांमध्यें तें अत्यंत प्रिय झालें. ज्याला मोठमोठे तक्ते भरावयाचे, त्याला आठ ओळींचा पडदा निरुपयोगी. ज्याला परगांवीं मुक्कामाच्या खोलींत बसून दोन स्तंभ मजकूर लिहून तो रात्रींच कचेरीस पोंचवावयाचा, त्याला तो पुरेसा. यंत्र तेंच, वगळलेल्या गोष्टी त्याच, पण एकाला त्या खटकत, दुसऱ्याला त्यांची आठवणहि होत नसे.

पुढच्या दहा-बारा वर्षांत विजेच्या घटकांचा आकार झपाट्यानें घटला, आणि तेव्हां एक निराळीच अडचण उभी राहिली. यंत्र लहान होण्याच्या आड आतां माणूस येऊं लागला. प्रोसेसर नखाएवढा झाला, तरी बोट होतें तेवढेंच राहिलें. पूर्ण आकाराच्या कळफलकावर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंतचें अंतर सुमारें १९ मिलिमीटर असतें, आणि टाइपरायटरच्या काळापासून त्यांत फारसा फरक पडलेला नाहीं. यंत्राची रुंदी एका मर्यादेखालीं न्यावयाची, तर कळा आक्रसल्याखेरीज गत्यंतर उरत नाहीं.

आयबीएमच्या जॉन कारिडिस या अभियंत्यानें या अडचणींतून एक सुंदर वाट काढली. १९९५ च्या ‘थिंकपॅड ७०१’ या लॅपटॉपचा कळफलक दोन तुकड्यांचा होता. झांकण उघडतांच ते तुकडे बाजूस सरकून एकमेकांशीं जुळत आणि कळफलक पेटीच्या रुंदीच्या बाहेर पसरे. लोकांनीं त्याला ‘फुलपांखरूं’ असें नांव दिलें. न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्याला स्थान मिळालें. पण बाजारांत तो फार काळ टिकला नाहीं, कारण लौकरच मोठे पडदे स्वस्त झाले, पडद्याबरोबर पेटीहि रुंद झाली, आणि कळफलकाला पंख फुटण्याची गरज उरली नाहीं. याच्या उलट वाट तोशिबाच्या ‘लिब्रेटो’नें धरली. १९९६ मध्यें जपानांत निघालेल्या या संगणकाचें वजन ८४० ग्रॅम व पडदा ६.१ इंचांचा होता. विंडोज ९५ ही प्रणाली त्यावर चालत असे. ‘लिब्रेटो’ पाहून लोक थक्क होत. पण त्यावर दोन्ही हातांनीं सलग पांच पानें लिहिणें हें तपश्चर्येचें काम होतें.

मराठी लिहिणाऱ्याला ही अडचण अधिकच बोंचते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ मध्यें प्रमाण मानलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकांत च, ट, ड आणि य हीं अक्षरें उजव्या कडेस आहेत; इंग्रजींत त्याच कळांवर अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस व तिरपी रेघ असते. कळफलक आंखूड करावयाचा झाला, कीं बहुधा याच कडेच्या कळा अरुंद होतात किंवा जागा सोडतात. इंग्रजी लेखकाला तिरपी रेघ क्वचितच लागते. मराठी लेखकाला ‘च्या’ हा एक प्रत्यय लिहितांना त्या कडेकडे दोनदां जावें लागतें. शिवाय देवनागरी ओळीला वर मात्रा-वेलांटीसाठीं व खालीं उकारासाठीं अधिक उंची लागते. म्हणून तेवढ्याच पडद्यावर इंग्रजीपेक्षां मराठीच्या ओळी कमी मावतात. रोमन कळांवरून मराठी लिहिणाऱ्यांना यांपैकीं पहिली अडचण जाणवत नाहीं; दुसरी मात्र त्यांनाहि चुकत नाहीं.

लहान यंत्रांचा खरा मोसम आला तो २००७ सालीं. त्याची पेरणी दोन वर्षें आधीं झाली होती. नोव्हेंबर २००५ मध्यें ट्युनिस येथील जागतिक परिषदेंत निकोलस निग्रोपोंटी यांनीं गरीब देशांतील मुलांसाठीं १०० डॉलरांच्या संगणकाचा नमुना दाखविला. प्रत्यक्षांत २००७ च्या अखेरीस तो कारखान्यांतून निघाला, तेव्हां त्याची किंमत जवळजवळ दुप्पट झाली होती. भारत सरकारनें २००६ मध्येंच ही योजना नाकारली. तथापि रायगड जिल्ह्यांतील खैरात येथील लहानशा शाळेंत २००७ मध्यें तिचा प्रयोग सुरू झाला. त्या संगणकाचा पडदा भर उन्हांत वाचतां येई, आणि धूळ-पाण्यापासून वांचावा म्हणून त्याचा कळफलक रबराचा व मुलांच्या बोटांच्या मापाचा केला होता. मोठ्या माणसाचें बोट त्यावर एकदम दोन कळांवर पडे. पण तें यंत्र मोठ्या माणसासाठीं नव्हतेंच. ज्याच्यासाठीं होतें, त्याच्या हाताला तें बसत होतें.

बाजारानें मात्र तो हिशेब मोठ्या माणसांना लागू केला. ऑक्टोबर २००७ मध्यें तैवानच्या असुस कंपनीनें ‘ई पीसी ७०१’ हा लॅपटॉप काढला. पडदा ७ इंचांचा, सामान ठेवण्याची जागा ४ गिगाबाइट, प्रणाली लिनक्स, वजन सुमारें ९२० ग्रॅम, आणि अमेरिकेंतील किंमत ३९९ डॉलर. एवढ्या कमी पैशांत लॅपटॉप मिळतो हें पाहून लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, जानेवारी २००८ मध्यें, स्टीव्ह जॉब्स यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथील व्यासपीठावर कचेरीच्या एका साध्या लिफाफ्यांतून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला. त्याचें वजन १,३६० ग्रॅम होतें व किंमत १,७९९ डॉलर.

या दोन यंत्रांची तुलना उद्बोधक आहे. असुसनें पैसे वांचविले आणि त्यासाठीं पडदा व कळफलक कापले. ॲपलनें १३ इंचांचा पडदा व पूर्ण कळफलक राखला. सीडीची पेटी, नेटवर्कच्या तारेची जागा व बदलतां येणारी बॅटरी यांना रजा दिली, आणि यूएसबीचें एकच पोर्ट ठेवलें. त्या दिवशीं पाहणाऱ्यास पहिला सौदा शहाणपणाचा व दुसरा उधळपट्टीचा वाटला असता. परंतु पुढच्या पांच वर्षांत असुसच्या लॅपटॉपांत वगळलेलें सारें हळूहळू परत आलें : पडदा ९ व मग १० इंचांचा झाला, डिस्क आली, विंडोज एक्सपी आली, आणि वजन व किंमत दोन्ही वाढलीं. २०१० मध्यें आयपॅड निघाला, तेव्हां नुसतें वाचावयास व पाहावयास त्या लॅपटॉपची गरज राहिली नाहीं. आणि लिहावयास तर तो पहिल्यापासूनच गैरसोयीचा होता. २०१३ च्या सुमारास ही जात बाजारांतून जवळजवळ लुप्त झाली. उलट ऑक्टोबर २०१० मध्यें ॲपलनें ‘एअर’चा ११ इंची भाऊ ९९९ डॉलरांस आणला, त्याचें वजन १,०६० ग्रॅम होतें, आणि एकाऐवजीं दोन यूएसबी पोर्ट होते. पुढच्याच वर्षीं इतर कंपन्याहि त्याच घाटाचे पातळ लॅपटॉप काढूं लागल्या. ज्या यंत्रानें शरीराची सोय कापली तें गेलें. ज्यानें नुसतें सामान कापलें तें टिकलें.

ही पार्श्वभूमि ध्यानीं घेऊन २०१५ च्या मेजावरील त्या १२ इंची लॅपटॉपकडे पुनः पाहावें. योगायोग असा, कीं त्याचें वजन असुसच्या त्या पहिल्या लॅपटॉपइतकेंच, म्हणजे ९२० ग्रॅम. मात्र आठ वर्षांत तेवढ्याच वजनांत केवढें अंतर कापलें गेलें होतें ! पडदा उत्तम होता, आणि कळफलक कडेपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदीचा होता. म्हणजे ‘लिब्रेटो’ची चूक येथें नव्हती. पण या वेळीं कात्री रुंदीला न लागतां खोलीला लागली होती. यंत्र पातळ करण्यासाठीं कळांखालीं एक नवी रचना बसविली होती. तिचेंहि नांव, आयबीएमच्या कळफलकाप्रमाणेंच, फुलपांखरावरून ठेवलेलें. कळ दाबली असतां ती अगदीं किंचित् खालीं जाई. पुढें या जातीच्या कळा अडकतात किंवा एका दाबास दोनदां उमटतात, अशा तक्रारी वाढल्या. जून २०१८ मध्यें कंपनीनें त्यांच्या विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. जुलै २०१९ मध्यें या १२ इंची लॅपटॉपची विक्री थांबली, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत निघालेल्या नव्या लॅपटॉपांत कंपनीनें कळांची जुनी रचना परत आणली.

दुसरी वगळणूक पंख्याची. आंत पंखा नसल्यानें लॅपटॉप पूर्णपणें नि:शब्द होता. पण त्यासाठीं प्रोसेसर कमी विजेचा व म्हणून मंद घ्यावा लागला होता. चलच्चित्रें जुळविण्यासारखें लांबलचक जड काम दिलें, कीं तो तापे व अधिकच सावकाश चाले. नोव्हेंबर २०२० मध्यें याच कंपनीनें स्वतःचा ‘एम १’ प्रोसेसर घालून नवा ‘एअर’ काढला. त्यांतहि पंखा नाहीं. तरी वेगाविषयीं कोणास तक्रार करण्यास जागा राहिली नाहीं. म्हणजे वेगाची उणीव काळानें भरून काढली. पण ती नव्या यंत्रांत. ज्यानें २०१५ मध्यें पैसे मोजले, त्याच्या घरांतील यंत्र मंद तें मंदच राहिलें.

या सर्व इतिहासावरून असें दिसतें, कीं वगळलेल्या सर्व गोष्टी एका तागडींत घालून तोलूं नयेत. कांहीं उणिवा बाहेरून भरतां येतात. एका पोर्टाची तक्रार ही त्यांतली; थोडे पैसे टाकून अडॅप्टर घेतला व तो पिशवींत ठेवण्याची आठवण राखली, कीं ती मिटते. कांहीं उणिवा घेतेवेळींच कायमच्या होतात. त्या लॅपटॉपची ८ गिगाबाइट मेमरी आंत पक्की जोडलेली होती; ती पुढें वाढवितां येत नव्हती. सॉफ्टवेअरच्या आयुष्याचेंहि असेंच. २०२१ मध्यें निघालेल्या ‘मॉन्टेरे’ या प्रणालींतून २०१५ चें हें यंत्र वगळलें गेलें. तेव्हां जुना लॅपटॉप स्वस्तांत घेऊं पाहणाऱ्यानें त्याची काया किती चकचकीत आहे, याआधीं त्याचें आयुष्य किती उरलें आहे, हें विचारावें. आणि तिसऱ्या प्रकारच्या उणिवा शरीराशीं निगडित असतात. ज्या कळेवर बोट बसत नाहीं, ज्या पडद्यावर डोळे ताणतात, त्यांना अडॅप्टर नसतो, आणि त्यांची संवय होईल ही आशा बहुधा फोल ठरते.

मग त्या २०१५ च्या गिऱ्हाइकानें तो लॅपटॉप घ्यावा कीं न घ्यावा ? ज्याच्या घरीं दुसरा मोठा संगणक आहे, ज्याचा दिवस आगगाडींत, वाचनालयांत व सभांत जातो, ज्याचें काम मुख्यतः लिहिणें, वाचणें व पत्रव्यवहार हेंच आहे, त्यानें तो घेतला असता तर तें गैर झालें नसतें. मात्र दुकानांतच त्यावर एखादें पान टाइप करून त्या पातळ कळांची परीक्षा करणें अवश्य होतें. ज्या कुटुंबांत हा एकच लॅपटॉप सर्वांच्या वांट्याला यावयाचा होता, मुलांचा अभ्यास, छायाचित्रें, छपाई आणि हिशेब यांचा सगळा भार त्याच्यावर पडावयाचा होता, त्या कुटुंबानें तेवढ्याच किंमतीचा तो जड भाऊ घेणें शहाणपणाचें ठरलें असतें. साडेसहाशे ग्रॅमांचा फरक रोज पाठीवर वाहणाऱ्याला मोठा वाटतो. मेजावर ठेवून देणाऱ्याला त्याची किंमत शून्य.

राहिला प्रश्न थांबण्याचा. ऑस्बोर्नच्या गिऱ्हाइकांना थांबल्याचा फायदा झाला, कारण अधिक चांगलीं यंत्रें आधींच दुकानांत येऊन पोंचलीं होतीं. २०१५ मध्यें थांबणाऱ्याला २०१६ आणि २०१७ मध्यें थोडा अधिक वेग मिळाला; पोर्ट एकच राहिला. खरा पालट पांच वर्षांनीं झाला. एवढा काळ काम अडवून बसणें हाहि एक खर्चच आहे, आणि तो किंमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. जुनें यंत्र काम भागवीत असेल तर थांबावें. काम अडत असेल तर भविष्याच्या बातम्यांवर भरंवसा ठेवून थांबूं नये.

ॲलन के यानें १९७२ मध्यें मागितलेल्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचें यंत्र २०१५ मध्यें दुकानाच्या मेजावर आलें. त्या ४३ वर्षांत घटक बदलले, पडदे बदलले, कंपन्या उदय पावल्या व बुडाल्या. ज्या हातांसाठीं त्यानें ती वही कल्पिली होती, ते हात मात्र तेच राहिले. म्हणून लहान लॅपटॉप घेण्यास निघालेल्या गृहस्थानें आधीं एक आठवडाभर आपण संगणकावर काय काय करतों याचें टिपण ठेवावें. मग दुकानांत जाऊन यंत्रांत काय आहे हें विचारण्यापूर्वीं काय नाहीं हें विचारावें, आणि दोन्ही याद्या शेजारीं ठेवून वाचाव्या. ज्या ओळी दोहोंत सारख्या निघतील, त्यांवर उत्तर लिहिलेलें असेल.